आझादी स्टेडियम : लाख आसने आणि एक दरवाजा

तेहरान शहराच्या पश्चिमेला, कराजकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या दिशेने निघाले की आधी पांढऱ्या संगमरवराचा आझादी मनोरा लागतो. त्याच्या पुढे काही किलोमीटरवर आझादी स्टेडियम आहे. या दोन्ही वास्तूंचे उद्घाटन एकाच महिन्यात, ऑक्टोबर १९७१ मध्ये झाले. इराणचे शाह मोहम्मद रझा पहलवी त्या वेळी इराणी साम्राज्याची अडीच हजार वर्षे मोठ्या थाटात साजरी करत होते. मनोऱ्याचे तेव्हाचे नाव शाहयाद, म्हणजे शाहची आठवण. स्टेडियमचे नाव होते आर्यमेहर. ही शाह यांची पदवी. तिचा अर्थ आर्यांचा प्रकाश. १९७९ मध्ये क्रांती झाली, शाह गेले आणि दोन्ही वास्तूंवरची त्यांची नावेही गेली. मनोरा आझादी झाला, स्टेडियमही आझादी झाले.

हे नाव आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. फारसीत या जागेला वर्जिशगाह-ए-आझादी म्हणतात. वर्जिश हा शब्द आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहे, ‘गाह’ आपल्याला ईदगाहमुळे ठाऊक आहे, आणि आझादी तर या देशातल्या लहान मुलालाही कळते. जुन्या नावातला ‘मेहर’सुद्धा परका नाही. मेहर म्हणजे सूर्य. संस्कृतातला ‘मिहिर’ त्याचाच नातलग. असे ओळखीचे शब्द अंगावर असलेल्या या जागेची हकीकत आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी असे मला वाटते. ती केवळ खेळाची हकीकत नाही. एवढी मोठी जागा बांधली, तर ती कोणासाठी बांधली, हा प्रश्न तिच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे.

डोंगरापाशी बांधलेला वाडगा

आझादीच्या आधी तेहरानचे मुख्य मैदान शहराच्या मध्यभागी होते. त्याचे नाव अमजदिया. तिथे सुमारे तीस हजार प्रेक्षक बसत. १९६८ चा आशियाई चषक इराणने तिथेच जिंकला. फुटबॉलचे वेड वाढत गेले, तसे ते मैदान अपुरे पडू लागले. त्यातच १९७४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांचे यजमानपद तेहरानला मिळाले आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नवे क्रीडासंकुल उभारण्याचे ठरले. अब्दुल अजीज फरमानफरमाईयान या इराणी वास्तुविशारदाने त्याची रचना केली.

स्टेडियमचा आकार खोलगट, लांबट वाडग्यासारखा आहे. मध्ये हिरवे मैदान, त्याभोवती अॅथलेटिक्सची धावपट्टी आणि तिच्याभोवती दोन टप्प्यांत चढत जाणारे सज्जे. धावपट्टीमुळे प्रेक्षक मैदानापासून थोडे लांब बसतात. तरीही इथे खेळून गेलेले परदेशी संघ इथल्या आवाजाबद्दल बोलल्याशिवाय राहत नाहीत. भोंगे, ढोल आणि हजारो गळ्यांतून एकदम उठणारी घोषणा त्या वाडग्यात घुमत राहते. शिवाय तेहरान समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर आहे. सखल प्रदेशातून आलेल्या खेळाडूला उत्तरार्धात धाप लागते. उत्तरेला अल्बुर्झ पर्वताची रांग आहे आणि थंडीत तिच्या माथ्यावर बर्फ असते.

सुरुवातीला इथली आसनक्षमता एक लाख होती. त्या काळी लोक सिमेंटच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसत, त्यामुळे मोठ्या सामन्यांना आकडा लाखाच्या वर जाई. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येकासाठी स्वतंत्र खुर्ची बसवण्यात आली आणि क्षमता सुमारे ७८ हजारांवर आली. तरीही आशियातल्या मोठ्या फुटबॉल स्टेडियममध्ये त्याची गणना होते.

फुटबॉलचे मैदान हा या संकुलाचा एक भाग झाला. एकूण परिसर सुमारे साडेचारशे हेक्टरचा, म्हणजे अकराशे एकरांहून जास्त. त्यात बारा हजार प्रेक्षकांचे बंदिस्त क्रीडागृह आहे. तिथे कुस्ती आणि व्हॉलीबॉलचे सामने रंगतात. हे दोन्ही खेळ इराणी लोकांचे फार लाडके. याशिवाय पोहण्याचा तलाव, सायकल शर्यतीसाठी उताराची गोल धावपट्टी, नेमबाजीची मैदाने, टेनिस कोर्ट, सरावाची मैदाने आणि नौकानयनासाठी खोदलेले कृत्रिम तळे आहे. तेहरान मेट्रोच्या कराजकडे जाणाऱ्या पाचव्या मार्गावर वर्जिशगाह-ए-आझादी नावाचे स्टेशन आहे. सामन्याच्या दिवशी त्या गाडीत एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळे रुमाल दिसतात.

हे लाल-निळे म्हणजे तेहरानचे दोन मोठे संघ. लाल रंगाचा पर्सेपोलिस आणि निळ्या रंगाचा इस्तिकलाल. इस्तिकलाल म्हणजे स्वातंत्र्य. क्रांतीपूर्वी याच संघाचे नाव ताज होते. राजाचा मुकुट गेल्यावर संघाने नावातलाही मुकुट उतरवला. या दोघांचा सामना असला की एकाच घरातले दोन भाऊ दोन रंगांत विभागले जातात. दोघांचेही घरचे मैदान वर्षानुवर्षे आझादीच राहिले आहे.

सोनेरी दिवस

सप्टेंबर १९७४ मध्ये इथे सातव्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. भारतीय वाचकांसाठी ती आठवण गोड आहे. केरळच्या टी. सी. योहानन यांनी याच मैदानावर ८.०७ मीटर लांब उडी मारून सुवर्णपदक मिळवले आणि आशियाई विक्रम केला. श्रीराम सिंग यांनी ८०० मीटर, शिवनाथ सिंग यांनी ५००० मीटर आणि विजयसिंग चौहान यांनी डेकॅथलॉनमध्ये सुवर्ण जिंकले. त्या स्पर्धेत भारताला मिळालेली चारही सुवर्णपदके अॅथलेटिक्सची होती. फुटबॉलचे सुवर्ण यजमान इराणने घेतले. दोन वर्षांनी, जून १९७६ मध्ये, इथेच कुवेतला १-० ने हरवून इराणने सलग तिसऱ्यांदा आशियाई चषक उचलला.

त्या काळच्या छायाचित्रांत सज्जांमध्ये पुरुषांबरोबर स्त्रियाही बसलेल्या दिसतात. क्रांतीनंतर, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, फुटबॉलच्या सामन्यांना इराणी स्त्रियांचा प्रवेश थांबला. त्यासाठी संसदेने केलेला लेखी कायदा नव्हता. प्रशासनाने तसे ठरवले आणि तेच चालत राहिले. कारणे सांगितली गेली ती अशी : गर्दीत पुरुष शिवीगाळ करतात, अश्लील घोषणा देतात, वातावरण स्त्रियांना शोभणारे नाही, खेळाडूंचे कपडे तोकडे असतात, आणि स्टेडियममध्ये स्त्रियांसाठी पुरेशा सोयी नाहीत.

दरवाजा ढकलला गेला तो दिवस

२२ नोव्हेंबर १९९७ रोजी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इराण आणि ऑस्ट्रेलिया आझादीवर भिडले. सव्वा लाखाच्या आसपास पुरुष प्रेक्षक सज्जांत कोंबून बसले होते. सामना १-१ असा सुटला. आठवड्याने मेलबर्नला परतीचा सामना झाला. इराण दोन गोलांनी मागे पडला होता, पण शेवटच्या टप्प्यात करीम बागेरी आणि खुदादाद अजीजी यांनी गोल करून २-२ अशी बरोबरी साधली. परक्या मैदानावर जास्त गोल केल्यामुळे इराण १९७८ नंतर प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. तेहरानच्या रस्त्यांवर माणसांचा पूर आला. संघ मायदेशी परतला तेव्हा त्याचे स्वागत आझादीवर ठेवण्यात आले. स्त्रियांनी घरीच दूरचित्रवाणीवर सोहळा पाहावा असे सांगण्यात आले होते. तरीही हजारो स्त्रिया दारात जमल्या. काहींना आत घेतले गेले, बाकीच्या दार ढकलून आत शिरल्या. पहिल्यांदा ते दार उघडले ते असे.

मग पुन्हा बंद झाले. पुढच्या वर्षांत मुली केस टोपीत लपवून, भावाचा सदरा घालून, गालावर झेंड्याचे रंग फासून आत जाण्याची धडपड करू लागल्या. जफर पनाही या दिग्दर्शकाने यावर ‘ऑफसाइड’ नावाचा चित्रपट केला. त्याचा काही भाग जून २००५ मधल्या इराण-बहरीन सामन्याच्या दिवशी प्रत्यक्ष आझादीवर चित्रित झाला. २००६ मध्ये बर्लिनला त्याला पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी स्त्रियांना प्रवेश देण्याचे जाहीर केले, पण धर्मगुरूंच्या विरोधामुळे काही आठवड्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला.

एक गोष्ट मात्र इराणी भगिनींना फार लागली. परदेशी स्त्रियांना हे दार उघडत असे. २००१ मध्ये आयर्लंडच्या संघाबरोबर आलेल्या महिला आत बसल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये सीरियाविरुद्धच्या सामन्याला सीरियन महिला सज्जात होत्या आणि इराणी महिला बाहेर. कारण जर वातावरणाचे होते, तर ते परक्या बाईला बाधत नव्हते आणि घरच्या मुलीलाच कसे बाधत होते, असा सरळ प्रश्न त्या विचारू लागल्या. त्याला सरळ उत्तर नव्हते.

जून २०१८ मध्ये रशियात इराण-स्पेन सामना सुरू असताना आझादीतल्या मोठ्या पडद्यावर तो दाखवण्यात आला आणि कुटुंबांना आत सोडले गेले. आई-वडील आणि मुली एकत्र बसल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोलिव्हियाविरुद्ध शंभरेक निवडक महिलांना, तर नोव्हेंबरमध्ये आशियाई क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्याला काहीशे महिलांना प्रवेश मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये एक दुःखद घटना घडली. पुरुषाच्या वेशात आझादीत शिरू पाहणाऱ्या एका तरुणीवर खटला झाला होता. शिक्षेच्या धास्तीने तिने न्यायालयाबाहेर स्वतःचा जीव संपवला. अल्लाह तिच्यावर रहम करो. सारे जग हळहळले. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, इराणवरचा दबाव वाढवला.

१० ऑक्टोबर २०१९ रोजी इराण-कंबोडिया सामन्याला सुमारे साडेतीन हजार महिला स्वतःच्या नावाचे तिकीट घेऊन आझादीत बसल्या. त्यांच्यासाठी वेगळे प्रवेशद्वार, वेगळा सज्जा आणि महिला पोलीस होते. पहिल्या टप्प्यातली तिकिटे तासाभराच्या आत संपली होती. इराणने तो सामना १४-० असा जिंकला. बाकीच्या सज्जांतली बरीच आसने त्या दिवशी रिकामीच होती. महिलांच्या बाजूला मात्र झेंडे खाली येत नव्हते.

दार अजून पुरते उघडलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये मशहद शहरात तिकीट हाती असलेल्या महिलांना स्टेडियमबाहेर अडवले गेले आणि त्यांच्यावर मिरचीचा फवारा मारला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आझादीवर इस्तिकलालच्या लीग सामन्याला काहीशे महिलांना जागा मिळाली. दार थोडे उघडते, थोडे लोटले जाते.

ईदचा खेळ

वाचक बंधू-भगिनींनो, इथे एक हदीस आठवते. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. ईदचा दिवस होता. मदीनेत हबशी लोक मस्जिदे नबवीत भाल्यांचे खेळ करत होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (र.अ.) यांना तो खेळ पाहू दिला. आपल्या चादरीने त्यांना आडोसा दिला आणि स्वतः उभे राहिले. किती वेळ? जोवर हजरत आयेशांचे स्वतःचे मन भरले नाही तोवर. पुढे ही हकीकत सांगताना हजरत आयेशांनी ऐकणाऱ्यांना सुचवले की खेळ-तमाशाची हौस असलेल्या कोवळ्या वयाच्या मुलीचे मन ओळखा.

या प्रसंगात पुष्कळ शिकण्यासारखे आहे. आडोसा होता, अदब होती, पण ‘घरी जा’ असे सांगणे नव्हते. प्रेषितांनी (स.) मर्यादा सांभाळली आणि आनंदही सांभाळला. त्यासाठी त्यांनी स्वतः उभे राहण्याचा त्रास घेतला. सोय करण्याचा भार त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला, पाहणाऱ्या मुलीवर टाकला नाही.

आता आझादीच्या दारातली कारणे या उजेडात तपासून पाहू. गर्दीतले पुरुष शिव्या देतात, हे खरे असू शकते. आपल्याकडच्या मैदानांवरही ते ऐकू येते. पण शिवी देणाऱ्याने जीभ आवरावी की ऐकणारीने घरी बसावे? बदजबानीची मनाई पुरुषालाही आहे. नजर खाली ठेवण्याचा हुकूमही सूरह नूरमध्ये आधी मोमिन पुरुषांना आला, मग स्त्रियांना. आणि सोयी नाहीत, या कारणाबद्दल काय म्हणावे? ज्या संकुलात तळे खोदता आले, त्या संकुलात स्वच्छतागृह बांधता येत नाही, असे कोणता गवंडी मान्य करील?

आझादीचा इतिहास आकाराबद्दलही एक धडा देतो. मार्च २००५ मध्ये इराण-जपान सामना संपल्यावर बाहेर पडताना चेंगराचेंगरी झाली आणि काही प्रेक्षकांचा जीव गेला. लाख माणसे आत घेण्याएवढी जागा असून भागत नाही. ती सुखरूप घरी जातील एवढी वाटही लागते. स्टेडियमची सोय मोजायची तर आसनांच्या आकड्यावर थांबून चालणार नाही.

नेरूळच्या मैदानावर

या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. २०११ मध्ये इराणच्या महिला फुटबॉल संघाला डोक्यावरच्या रुमालामुळे ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला गेला नव्हता. तेव्हा अडवणारे फिफाचेच नियम होते. म्हणजे एकीकडे आपल्याच देशात प्रेक्षक म्हणून दार बंद, दुसरीकडे जगाच्या मैदानात हिजाबमुळे दार बंद. २०१४ मध्ये फिफाचा नियम बदलला आणि डोके झाकून खेळण्याची परवानगी मिळाली. त्यानंतर या मुलींनी मेहनत केली आणि २०२२ च्या महिला आशियाई चषकासाठी त्या इतिहासात प्रथमच पात्र ठरल्या. ती स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथे झाली. २० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणच्या मुली हिजाब घालून यजमान भारताविरुद्ध उतरल्या आणि त्यांनी भारताला ०-० असे रोखले. पुढचे दोन सामने त्या मोठ्या फरकाने हरल्या, पण पहिल्याच पावलाला त्यांनी एक गुण कमावला होता.

मी उर्दू शाळेत शिकवते. हा सामना झाला त्यानंतर वर्गात त्याची गोष्ट सांगितली तेव्हा मुलींचा पहिला प्रश्न गोलांबद्दल नव्हता. ‘मॅडम, त्यांचे अब्बा त्यांना सोडतात?’ असे एकीने विचारले. मी म्हटले, सोडतात म्हणून तर त्या इतक्या दूर आल्या. मुली गप्प झाल्या. प्रत्येक जण मनात आपापल्या घराचा विचार करत असणार.

आपल्याकडे कोणी दारावर पोलीस उभा करत नाही. कायद्याने प्रत्येक मैदान आपल्या मुलींना खुले आहे. तरीही संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यातल्या मैदानाकडे पाहा. मुलगे खेळत असतात, मोठी माणसे कट्ट्यावर बसलेली असतात, आणि बहिणी खिडकीतून पाहतात. तिथे त्यांना कोणी मनाई केलेली नाही. पण बसायला जागा नाही, दिवा नाही, स्वच्छतागृह नाही, आणि टोमणा मारणाऱ्याला गप्प करणारे कोणी नाही. घरातली बाई कुठे जायचे ठरवण्यापूर्वी आधी हेच विचारते : बसायची सोय काय, परत यायला अंधार होईल का, आणि अडचण आली तर जायचे कुठे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत की ती स्वतःच ‘नको’ म्हणते. आपण समजतो, तिला आवड नाही.

नगरपालिका, जमात, शाळेची संस्था किंवा मोहल्ल्यातले तरुण मंडळ जेव्हा मैदानाचे काम काढते, तेव्हा आराखड्यावर गोलचे खांब आणि कुंपण आधी येते. त्याच कागदावर महिलांसाठी सावलीचा कट्टा, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि दिवा लिहून घ्या. नंतर करू म्हटलेले काम राहून जाते. ईदच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा सामना ठेवतो, तेव्हा आईला आणि बहिणीला आमंत्रण द्या, आणि त्यांच्या बाजूला उभे राहून व्यवस्था पाहण्याची जबाबदारी घरातल्या पुरुषाने घ्यावी. त्याची पाय दुखल्याची तक्रार कोणी ऐकून घेऊ नये. मस्जिदे नबवीत उभे राहणाऱ्यांनी ती केली नव्हती.

तेहरानच्या त्या विशाल वाडग्यात एके काळी लाखांची गर्दी मावत होती आणि तरीही अर्धे शहर बाहेर होते. आपले मैदान लहान असेल. त्याला तळे नाही, मेट्रोचे स्टेशन नाही. पण त्यात घरातले सगळे मावतील एवढी जागा करणे आपल्या हातात आहे, इन्शाअल्लाह.